कॅल्शियमचं रीडिंग कमी येतंय? आधी नळी बघ

रक्तातलं कॅल्शियम मोजताना दोष बहुतेक वेळा इलेक्ट्रोडचा (कॅल्शियम मोजणाऱ्या सळईचा) नसतो, रक्त घ्यायच्या नळीचा असतो. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी कॅल्शियम धरून ठेवते, ती बादच. कॅल्शियम-बॅलन्स्ड हेपरिनची घे (हेपरिन रक्त गोठू देत नाही, आणि बॅलन्स्ड असलं की कॅल्शियमचा आकडा ढळत नाही), काठोकाठ भर. मिरजेहून सांगलीला नमुना आणताना झाकण उघडू नको: कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, कॅल्शियम अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाला, चिकटतं आणि आयनाइज्ड, म्हणजे मोकळ्या, कॅल्शियमचा आकडा घसरतो.

इलेक्ट्रोड तपासायची स्टँडर्ड, म्हणजे ठरावीक कॅल्शियमची द्रावणं, ०.५, १ आणि २ मिलिमोलर, तिन्ही १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये. ३७ अंशांवर ०.५ ते २ मध्ये सुमारे १८.५ मिलिव्होल्ट फरक हवा. पंधराच आला, तर इलेक्ट्रोडच्या पडद्यावर प्रथिनांचा थर बसलाय किंवा पडदाच संपलाय. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे कॅल्शियमच्या आकड्यात जवळपास ८ टक्के, म्हणून आकडा थांबेपर्यंत लिहू नको. एप्रिलच्या उकाड्यात स्टँडर्ड आणि नमुना एकाच वॉटर बाथमध्ये ठेव.