जुन्या सागवानाविषयी एक पत्र

नागपूर

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

महाल भागातील आजोळचा वाडा रिकामा होताना तू लिहिण्याचे सागवानी मेज आणि वेताची आरामखुर्ची भंगारात जाऊ दिली नाहीस, हे वाचून समाधान वाटले. त्यांना पांढरा-निळा रंग द्यावा की मूळ रूपातच दुरुस्त करावे, असे तू विचारले आहेस. सागवानावर रंग चढवू नकोस, असेच माझे मत आहे, कारण एकदा रंग लाकडाच्या छिद्रांत उतरला की तो पुन्हा पूर्णपणे निघत नाही. रंगकामाची हौस असेल तर प्लायवुडचे एखादे जुने कपाट घे, आणि मेजाच्या खणांना आतून नक्षीदार कापडाचे अस्तर लाव.

पहिला आठवडा मात्र काहीच करू नकोस. खण बाहेर काढ आणि खालच्या बाजू पाहा. पॉलिश न लागलेल्या त्या भागांतच लाकूड, सांधे आणि आधीच्या दुरुस्त्या खऱ्या स्वरूपात दिसतात. बारीक भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, आणि अशी वस्तू वेगळी ठेवून आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो.

त्यानंतर एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ दाबून धर. थर चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे असे समज. पळस, कुसुम, बोर अशा आपल्या ओळखीच्या झाडांवर जगणाऱ्या किड्यांपासून ही लाख मिळते, आणि तिचा मोठा गुण असा की ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, त्यामुळे जुना थर न खरवडताही नवा थर त्यात मिसळून जातो. मेजावर ओल्या पेल्याची पांढरी कडी उठली आहे, असे तू लिहिले आहेस. ती बहुधा या थरात अडकलेल्या ओलाव्याची असेल. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेले फडके हलकेच फिरवल्यास ती निघू शकते. घासत बसलीस तर पॉलिशच निघेल. एखाद्या भागावर ऑइलपेंट आढळला तर तो कोरड्या सॅंडपेपरने घासू नकोस. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, म्हणून त्याआधीच्या थरांच्या धुळीत शिसे असू शकते असे धरूनच चालावे. पृष्ठभाग ओला ठेव, मास्क लाव आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नकोस.

खण अडकतो, ही तुझी तक्रार पावसाळ्यातली आहे, आणि इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. बरीच वर्षे झाली. ऐन श्रावणात एका कपाटाचा अडकलेला खण मी रंध्याने तासला आणि माझ्या हुशारीवर खूश झालो. वैशाखात तोच खण चौकटीत खुळखुळू लागला. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आक्रसते. आषाढ-श्रावणात ते हवेतील ओलावा घेऊन पुन्हा फुगते. खणाच्या कडांना तूर्तास मेणबत्ती घास आणि रंध्याचा विचार दिवाळीनंतर कर. पॉलिशलाही दिवाळी ते संक्रांत हाच काळ चांगला, कारण दमट हवेत लाखेचा थर पांढुरका पडतो. उन्हाळ्यात मात्र या दोन्ही वस्तू कूलरच्या झोतासमोर ठेवू नकोस.

खुर्चीचा वेत नुसता सैल पडला असेल, तुटला नसेल, तर सगळी वीण बदलण्याची घाई नको. बैठकीची खालची बाजू गरम पाण्याच्या फडक्याने चांगली ओली कर आणि सावलीत वाळू दे. वाळताना वेत पुष्कळदा पुन्हा ताणला जातो. हलणाऱ्या सांध्यात लगेच फेव्हिकॉल ओतू नकोस. जुने सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, वापरत, आणि तो कोमट पाण्याने मऊ होत असल्याने सांधा न फोडता सुटतो, पुढच्या दुरुस्तीसाठीही मोकळा राहतो.

लाकडाला जवसाचे तेल लावायचे ठरवलेस तर तेलाने माखलेली फडकी बोळा करून टाकू नकोस. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि बंद ढिगात ती साचून फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी मोकळी पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव. (चटणीत बिचारे जवस असला काही त्रास देत नाही.)

मेजाचा एक पाय खालून कुजला आहे, त्याला जोड द्यावा लागेल. लाकूड लकडगंजात मिळेल, पण नव्या सागाचा रंग जुन्याशेजारी उठून दिसतो. वाड्याच्या दाराची चौकट त्याच काळातील साग असण्याचा संभव आहे. पाडकाम सुरू होण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, कंत्राटदाराकडून तिचा हातभर तुकडा मागून घे आणि त्यातील खिळे न उपटता तसाच माझ्याकडे आण.

तुझा,
काका