पावती तांदळाच्या डब्यात

‘ताई, सलाम. आम्ही नगरचे. हे शाळेत शिक्षक, मी घरी ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी संजीवन सभेला जाऊन आल्यापासून यांचं मन पैशात राहिलेलं नाही. टीव्ही विकला, त्याचं मला काही नाही. आता दोघांच्या नावावरची सहा लाखांची एफडी मोडून सगळी रक्कम एका सेवाकार्याला द्यायची म्हणतात. त्यात दीड लाख माझ्या शिलाईचे आहेत. मुलगी बारावीला, तिला नर्सिंगला जायचंय. हे म्हणतात, प्रभू पुरवील. मी नाही म्हटलं की म्हणतात, तू मार्था आहेस. एफडीची पावती मी तांदळाच्या डब्यात लपवलीय. रात्री प्रार्थनेला बसले की तो डबाच डोळ्यांपुढे येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?’

सलाम.

आधी मार्थेचं बघू, कारण तो टोमणा तुम्हाला लागलाय. बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायात बहीण मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसते आणि मार्था एकटी पाहुणचारात गुंतते. प्रभू तिला रांधण्यावरून बोलत नाही, तिच्या जिवाच्या घालमेलीवरून बोलतो, तेही दोनदा नाव घेऊन, मायेनं. नवऱ्यानं बायकोच्या तोंडावर फेकायला ती गोष्ट नाही. आणि योहानाचा अकरावा अध्याय उघडा. ‘तू ख्रिस्त आहेस’ अशी कबुली भावाच्या मरणाच्या दुःखात देते ती हीच मार्था.

आता तुम्हाला न आवडणारं. यजमानांना मी वेडं ठरवणार नाही. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात कोणाची गाडी नवी, कोणाच्या पोरानं कुठं फ्लॅट घेतला, हीच चर्चा चालते. मीही त्यात उभी राहिलेय. अशा काळात एक शिक्षक पैशाचा मोह सोडू बघतोय, ही लहान गोष्ट नाही. तुमच्याच नगरशी जन्माचं नातं जडलेल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची पगाराची नोकरी सोडली. त्यांची भजनं आपण आजही गातो. पण टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही आणि घराचं गाडं ओढलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यालाही भक्तीच म्हणायचं की नाही, एवढं यजमानांना विचारा.

जवळ होत्या तेवढ्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, मंदिराच्या दानपेटीत टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट ते तुम्हाला ऐकवत असतीलच. त्यांना म्हणा, मार्कचा बारावा अध्याय चाळिसाव्या ओवीपासून वाचू या. विधवेच्या आधी तिथं शास्त्री आहेत: लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरं गिळणारे. ती बाई टोल्या टाकते त्या स्वतःच्या. लेकीच्या शिक्षणाच्या आणि बायकोच्या शिलाईच्या पैशातून टाकलेल्याला टोल्या म्हणत नाहीत. सातव्या अध्यायात तर प्रभूनं ‘कुर्बान’वरच बोट ठेवलंय. आईबापांच्या हक्काचं होतं ते देवाला वाहिलं म्हणून मोकळं होणाऱ्यांना तो चांगलंच झापतो.

मग करायचं काय? तुमचा दीड लाख आणि मुलीच्या फीपुरती रक्कम बाजूला काढा. उरलेल्यातून त्यांच्या मनाला येईल ते द्यावं, आणि तिथं मात्र तुम्ही हात आखडू नका. एवढी मोठी रक्कम घेणाऱ्या सेवाकार्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, पक्की पावती मिळते का, हिशेब कोणी तपासतो का, हे विचारण्यात अविश्वास नाही. विचारल्यावर जो उपदेशक रागावतो, त्याच्या दारात एक रुपया ठेवू नका. बोलणं अडलं तर पाळकसाहेबांना घरी बोलवा, चहाला. सभेनंतर दारात उभ्यानं बोलू नका.

आणि ती पावती बाहेर काढा. लपवलेला कागद तुमच्या प्रार्थनेत येऊन बसलाय, हे तुम्हीच लिहिलंय. तुमची भीती रास्त आहे. तरी खरं सांगा, त्या भीतीत थोडं ‘माझं’ पण आहे ना? असणारच. माझ्यातही आहे. पावती टेबलावर ठेवून सांगा, ‘हे माझ्याकडं होतं. सही मी करीन, पण आकडा दोघांनी मिळून ठरवायचा.’ ते चिडतील. चिडू द्या.

माझी आजी रोज चुलीवर आधण ठेवलं की तांदूळ धुण्याआधी एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. महिनाअखेर ते गाडगं चर्चमध्ये जायचं. घरात चार माणसं जास्त असली तर भात कमी पडायचा, पण मूठ चुकायची नाही. दुष्काळाच्या वर्षी मूठ लहान झाली होती, हे मी पाहिलंय. बोटं अशी आवळून घ्यायची ती, चिमटीपेक्षा जरा मोठी.

डबा रिकामा झाला की त्यात तांदूळच ठेवा. मुलीच्या नर्सिंगचं काय झालं ते कळवा.