एक शेपूट धर, पण डोळे उघडे ठेवून

दोनशे इंग्रजी शब्दांची यादी घोकायला बसण्यापेक्षा आठवडाभर एकच शेपूट, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा तुकडा, धर: ‘साइड’ (-cide). लॅटिनमधल्या ‘काएदेरे’ या क्रियापदातून ते आलं. अर्थ कापणे, ठार मारणे. कृषी सेवा केंद्रातल्या बाटल्यांवरची नावं वाच. इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक, फंगिसाइड म्हणजे बुरशीनाशक, हर्बिसाइड म्हणजे तणनाशक. इथे शेपटीचा अर्थ ‘मारणारं’.

पण होमिसाइड (मनुष्यहत्या), सुइसाइड (आत्महत्या) यांत तीच शेपटी ‘हत्या’ होते. मराठीत आपण ‘नाशक’ आणि ‘हत्या’ वेगळे ठेवतो, इंग्रजी ठेवत नाही. रेजिसाइड तर दोन्ही: राजाची हत्या आणि ती करणाराही. तेव्हा अर्थ लिहिण्याआधी पूर्ण वाक्य वाचत जा.

जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार, हा शब्द त्या मानाने नवा. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने तो घडवला आणि १९४४ साली पुस्तकात मांडला. पुढे ग्रीक ‘गेनोस’, म्हणजे वंश, आणि मागे हे लॅटिन शेपूट. असा शब्द एकदा उलगडला की पाठ करावा लागत नाही.

आता खाचखळगे. ‘डिसाइड’ (ठरवणे) याच कुळातला, मुळात म्हणजे कापून टाकून मोकळं होणं! मला हे कळलं तेव्हा भारी गंमत वाटली होती. ‘कोइन्साइड’ (एकाच वेळी घडणे) मात्र सोयरा नाही. तो ‘कादेरे’, म्हणजे पडणे, यावरून आलाय. आणि ‘रिव्हरसाइड’ दिसला तर घाबरू नकोस, तिथे नुसता नदीकाठ आहे, खून कुणाचा झालेला नाही.