दुकानातला २०१४चा कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. नवीन घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे (खिळे, चुका, रंग, पीव्हीसी पाईप, म्हणजे मूळचं अस्सल हार्डवेअर). तिथे २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचं पोर्टल एवढंच चालतं. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. कॉम्प्युटरवाला म्हणतो, "यात आता काही राम नाही, नवीन घ्या." आत्येभाऊ म्हणतो ग्राफिक कार्ड टाक. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होतो, आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून बाबा चप्पल घालूनच बसतात."

अहो, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलंत! कॉम्प्युटर दहा मिनिटांत सुरू होवो नाहीतर वीस, तेवढ्यात बाबांचा चहा तरी होतो. झिणझिण्यांचं आधी बघू.

कॅबिनेटच्या मागे जिथे पॉवरची वायर लागते तो डबा म्हणजे एसएमपीएस. त्याच्या तोंडाशीच एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन बारके कपॅसिटर थेट पत्र्याला जोडलेले असतात. विजेतला कचरा त्यांनी अर्थिंगमध्ये सोडायचा, ही त्यांची नेमून दिलेली कामगिरी. अर्थिंगच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? मग पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर. करंट मिलिअँपियरच्याही आत असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या एसएमपीएसच्या आत काही जळून फेज सरळ पत्र्याला टेकली, तर अर्थिंग नसल्यामुळे एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं बटण) पडणार नाही, आणि करंटला जमिनीत जायला बाबांखेरीज वाट उरणार नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. २००४ ते २०१३ कऱ्हाडात माझं सायबर कॅफे होतं, आठ मशिनांचं. एका पावसाळ्यात गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली की सीपीयूला पाय लागला की चावतं. मी काय केलं असेल? प्रत्येक टेबलाखाली पायपुसणं टाकलं. कॉलेजची पोरं आमच्या कॅफेला 'करंट कॅफे' म्हणायला लागली, आणि मीही हसण्यावारी नेत राहिलो. पुढे ट्यूबलाईटच्या कामाला एक म्हातारे वायरमन आले. त्यांनी पायपुसण्यांची रांग बघितली, एक शब्द न बोलता मागच्या बोळात गेले आणि मला हाक मारली. माझ्या आधीच्या भाडेकरूने अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती. मधल्या काळात नळवाल्याने गंजलेला पाईप काढून पीव्हीसीचा टाकला, आणि वायर उरलेल्या वीतभर लोखंडी तुकड्याला तशीच इमानदारीत बांधलेली! प्लास्टिकच्या पाइपाला अर्थिंग. तुमचा तर धंदाच पाइपाचा, तुम्हाला जास्त सांगायला नको.

तेव्हा आधी वायरमनला बोलवा. तीन आकडे मल्टिमीटरवर तुमच्यासमोर घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास हवा. फेज-अर्थही जवळजवळ तेवढाच हवा. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेज-अर्थला भलताच आकडा आला तर अर्थिंग तुटलंय किंवा मुळात कधी केलंच नव्हतं. कोळसा-मीठ घालून जीआय पाईप पुरायचा असेल तर आठेक फुटांचा खड्डा लागेल. पाईप, वायर, क्लॅम्प सगळं घरचंच, मजुरी तेवढी द्यावी लागेल. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थला वायरच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, सगळे खूश. पण पुढेमागे न्यूट्रल तुटली की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात. आणि एक्स्टेंशन बोर्डही उघडून बघा. वरून तीन भोकं असतात आणि आत वायर दोनच तारांची निघते. प्लगची ती जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवलेली असते, कारण आत जाताना सगळ्यात आधी अर्थ जोडलं जावं. तीच पिन कापून टू-पिनमध्ये घुसवलेला प्लग तुमच्याकडे सापडला, तर ज्याने कापला त्याला बाबांच्या खुर्चीत अनवाणी बसवा.

आता आपोआप रिस्टार्ट. लाईट फडफडली की होतो का, एवढं चार दिवस लक्ष ठेवा. उत्तर 'हो' असेल तर माझा संशय यूपीएसच्या बॅटरीवर. ती दोन-तीन वर्षांत मान टाकते, पण हिरवा दिवा लागत राहतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. रात्री दुकान बंद करताना कॉम्प्युटर बंद करून यूपीएसला जुना ६० वॉटचा बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, उपटला की अर्थही सुटतो. बल्ब पाच-दहा मिनिटंही टिकला नाही तर फक्त बॅटरी बदला. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची असते. जुनी परत दिली तर दुकानदार थोडे पैसे कापून देतो. लाईट न हलताच रिस्टार्ट होत असेल, तर झाकण काढून आधी पंख्यातली धूळ साफ करा, मग रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने पुसा आणि परत बसवा. हसू नका. या खोडरबराने मी जेवढी मशीन उठवलीत, तेवढी कुठल्या सॉफ्टवेअरने उठवली नाहीत.

हे सगळं आधी का सांगितलं? कारण तुमची दहा मिनिटं बहुतेक इथूनच आलीत. लिहिता लिहिता लाईट गेली की हार्ड डिस्कवरचा तो तुकडा अर्धवट राहतो, पुढे वाचता येत नाही. डिस्क तेच तेच परत वाचून बघत बसते, आणि तुम्ही स्क्रीनवरच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसता.

खात्री करायची तर कॉम्प्युटर सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतंय, पण प्रत्यक्ष वाचन सेकंदाला एक-दोन एमबीच चाललंय आणि प्रोसेसर निवांत आहे, असं चित्र असेल तर आय-थ्री बिचारा निर्दोष आहे. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळा 'गुड' आहे की पिवळा 'कॉशन' ते बघा. पिवळा असेल तर वाचन थांबवा आणि आत्ताच्या आत्ता टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या. माझं उत्तर कुठे पळून जात नाही.

डिस्क निरोगी असली तरी ती हळूच. कारण साधं आहे. तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, साधारण ४ मिलिसेकंद. सुई तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे इकडचं तिकडचं असं विखुरलेलं वाचन असेल तर सेकंदाला ७५-८० खेपा, बस. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली मागतं. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरायला काही नाहीच, ती त्याच सेकंदात हजारोंनी खेपा करते. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी लावली की गिऱ्हाईक विचारतं, "नवीन प्रोसेसर टाकलात का?"

दुकानात जाऊन 'अडीच इंची साटा एसएसडी, २५६ जीबी' असंच सांगा. च्युइंग गमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू दाखवतील, ती घेऊ नका. तुमच्या काळातल्या बहुतेक बोर्डांना ती खाचच नाही. आणि ऑनलाइन कवडीमोलात मिळणारी दोन टीबीची अनामिक एसएसडी दिसली तर पुढे सरका. आत पेनड्राइव्हची चिप निघते, आकडा तेवढा खोटा भरलेला असतो.

डिस्क बदलण्याआधी एक काम, जे कॉम्प्युटरवाला हमखास विसरतो. टॅलीचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. आधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा, मग डिस्क बदला, मग नव्यावर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. नाहीतर महिनाअखेरीला रिटर्न भरायच्या दिवशी टॅली शैक्षणिक (म्हणजे सरावापुरत्या) मोडमध्ये उघडेल आणि घरात महाभारत होईल. बिलांसाठी वापरत असाल ते जुने मराठी फॉन्टही कॉपी करून ठेवा.

रॅमचं मी थोडं थांबून करा म्हणेन. ४ जीबी कमीच, ८ केली तर फरक पडतो. पण तुमची रॅम डीडीआर-३ या जुन्या प्रकारची आहे, तिला २४० पिना. त्यानंतरच्या डीडीआर-४ला २८८ आणि खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे ही रॅम पुढच्या मशीनला लागणार नाही. अर्थिंग, यूपीएस आणि एसएसडी हे तिन्ही मात्र पुढच्या मशीनला जसेच्या तसे चालतात. पैसे याच क्रमाने घाला. त्यात २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि रॅम-एसएसडीचे भाव चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने आपला क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा शेजारच्याने मागच्या वर्षी काय भावाने घेतली ते विसरा. वापरलेली डीडीआर-३ पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधता येईल. पण घेण्याआधी तुमचं विंडोज ३२ बिटचं नाही ना, हे सेटिंग्जमध्ये बघा. त्या काळात सर्रास तेच टाकून द्यायचे, आणि त्याला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही.

ग्राफिक कार्डाबद्दल आत्येभावाला एवढंच विचारा, "दादा, टॅलीत कुठला गेम आहे?"

राहिला नवीन मशीनचा प्रश्न. कॉम्प्युटरवाला अगदीच थापा मारत नाहीये. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची जास्तीची सुरक्षा-अपडेट्स नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११ तुमच्या चौथ्या पिढीला अधिकृतपणे घेत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाजूने यादी जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते. ज्या मशीनवरून बँक आणि जीएसटीचे पासवर्ड टाकता, ते अपडेटशिवाय वर्षानुवर्षं चालवू नये. म्हणून एसएसडी टाकून हे मशीन चालतं करा आणि त्या मुदतीपर्यंत शांतपणे शोधा.

दुकानासाठी अगदी नवाकोरा घ्यायलाच हवा असं मला वाटत नाही. मोठ्या कंपन्यांतून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेले, ठाकठीक करून विकलेले) डेस्कटॉप चांगले असतात. फक्त "साहेब, आय-सेव्हन आहे" याला भुलू नका. आकड्यातला पहिला अंक बघा. आय-सेव्हन-२६०० म्हणजे दुसरी पिढी, तुमच्यापेक्षाही म्हातारी. आय-थ्री-८१०० म्हणजे आठवी. त्यात चार कोर आहेत, तुमच्या आय-थ्रीत दोन. पावती आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकून पुतण्याला अभ्यासाला देता येईल. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, म्हणून दुकानात तो प्रयोग नको.

वायरमन येऊन गेला की न्यूट्रल-अर्थचा आकडा इथे लिहा, आणि डिस्क निळी निघाली की पिवळी तेही. तोवर बाबांच्या चपला असू द्यात.