ॲम्पमागच्या जटा आणि स्पीकरमधली घूं

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये एक समजूत वारंवार दिसली: वायरी नीट बांधल्या की गुणगुण आपोआप जाईल. गुंता डोळ्यांना खुपतो, गुणगुण कानांना, आणि दोघांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. कधीकधी तर सुबक बांधणीनंतरच आवाज सुरू होतो. पहिला प्रश्न त्याचाच आहे.

टीव्ही युनिट नवं केलं तेव्हा सुताराने मागच्या सगळ्या वायरी एकत्र करून नायलॉन टायने घट्ट बांधल्या. तेव्हापासून सबवूफरमधून सतत घूं येते, आवाज शून्यावर असला तरीही. सेट-टॉप बॉक्स केबलचा आहे. वायरमन म्हणतो, सबवूफरच्या प्लगची जाड पिन काढून टाकू. काढावी का? (डोंबिवली)

ही अर्थची पिन, ती अजिबात काढू नका. त्याने घूं जाईलही, पण उद्या सबवूफरच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या भागाला लागली, तर करंटला अर्थकडे, म्हणजे जमिनीकडे, जायला वाट राहणार नाही. एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही आणि 230 व्होल्ट पॅनेलवर हाताची वाट पाहत बसतील.

आता शोध घेऊ. आवाज शून्यावर ठेवूनही घूं येते, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या नंतर कुठेतरी शिरते आहे. व्हॉल्यूमबरोबर वाढली असती तर सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, सीडी प्लेअर अशा एखाद्या स्रोतावर संशय घेतला असता. सबवूफर बंद करा, त्याची आरसीए वायर (ॲम्पकडून सिग्नल आणणारी) काढा आणि पुन्हा सुरू करा. वायर नसतानाही तितकीच घूं असेल तर दोष सबवूफरच्या आत आहे, बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकले आहेत. तो दुरुस्तीला द्या. शांत झाला तर वायर पुन्हा जोडा आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागे स्क्रूने बसवलेली केबलवाल्याची जाड काळी वायर सोडवा. केबल कनेक्शन असलेल्या घरात गुन्हेगार फार वेळा इथेच सापडतो.

त्याचं कारण असं. सबवूफरला तीन पिनचा प्लग आहे, म्हणजे त्याची बॉडी तुमच्या घराच्या अर्थला जोडलेली आहे. केबलवाल्याच्या वायरीतली तारांची जाळी इमारतीत दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच अर्थला टेकलेली असते. या दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. मधे एचडीएमआय आणि आरसीए वायरींची साखळी आहे, त्यामुळे तो फरक त्यांच्या जाळीतून वाहू लागतो. आरसीएची जाळी म्हणजे नुसतं कवच नव्हे, सिग्नलची परतीची वायरही तीच. तिच्यावर पडलेले काही मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात आणि 50 हर्ट्झची घूं होऊन बाहेर पडतात. छोट्या स्पीकरना इतका खालचा सूर धड काढता येत नाही, म्हणून घूं आधी सबवूफरमध्ये ऐकू येते. ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) दोनच पिन आहेत, मग अर्थ कुठून आली, असं कुणी विचारेल. ती आली वायरींतून.

उपाय असा की ही साखळी एका जागी तोडायची. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय ॲम्पऐवजी टीव्हीला लावा आणि टीव्हीपासून ॲम्पपर्यंत ऑप्टिकल वायर टाका. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. त्यामुळे फेरा तिथेच संपतो. मात्र टीव्ही आणि ॲम्पमध्ये दुसरी एचडीएमआय राहिली असेल तर उपयोग शून्य. ऑप्टिकलवरून साधा स्टिरिओ किंवा डॉल्बी डिजिटल 5.1 जातो, ॲटमॉस (डोक्यावरून येणारे आवाजही देणारा प्रकार) जात नाही. वायर काटकोनात दुमडू नका. तिचं वळण साधारण लिंबाच्या गोलाईइतकं राहू द्या. दुसरा पर्याय म्हणजे केबलवाल्याच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थचा हा फेरा तोडणारा जोड) बसवणं. डिश असेल तर हे चालत नाही: छतावरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरीतून 13 किंवा 18 व्होल्ट डीसी मिळतात आणि आयसोलेटर ते अडवतो. चित्रच जातं.

सगळे प्लग एकाच भिंतीच्या पॉइंटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. 6 अँपिअरचा पॉइंट सुमारे 1380 वॉट पेलतो. टीव्ही, ॲम्प, सबवूफर, सेट-टॉप बॉक्स मिळून घरगुती वापरात त्याच्या बरेच खाली राहतात. त्याच बोर्डवर इस्त्री मात्र नको, आणि बोर्डाला दुसरा बोर्ड जोडणं तर नकोच.

शेवटी सुताराची जुडी. पॉवरच्या वायरी आरसीएला चिकटून दोन-दोन मीटर गेल्या, तर त्यांचं चुंबकीय क्षेत्र सिग्नलमध्ये उतरतं. ते सगळे नायलॉन टाय कापा. कापताना कटरचं टोक वायरीकडे नको.

मग वायरी बांधायच्या तरी कशा? (कोल्हापूर)

पहिलं काम म्हणजे सगळं बंद करून प्लग काढायचे, मोबाइलने मागचा फोटो घ्यायचा, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीचं निशाण लावायचं: ‘टीव्ही ऑप्टि.’, ‘सब’, ‘डावा पुढचा’. एका टोकाला लावून काही उपयोग नाही, कारण गोंधळ नेहमी दुसऱ्या टोकाला होतो. या कामात काहीच जोडत नसलेल्या वायरी हमखास निघतात. त्या काढून टाकल्या की निम्मा गुंता तिथेच संपतो.

उरलेल्या वायरींच्या तीन जाती करा: पॉवरच्या, सिग्नलच्या, स्पीकरच्या. पॉवर युनिटच्या एका बाजूने खाली, सिग्नल दुसऱ्या बाजूने, दोघांत 20 ते 30 सेंटिमीटर अंतर. वाटा छेदणं टळत नसेल तिथे एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या. स्पीकरच्या वायरी त्या मानाने सोशिक असतात, त्या मधून गेल्या तरी चालेल.

बांधायला 12 मिलिमीटर रुंदीची वेल्क्रो पट्टी घ्या. एका युनिटला तीन-चार मीटर पुरते. वेल्क्रोखाली करंगळी सरकेल इतकीच ओढा. टाय घट्ट ओढला की टीव्हीच्या कोॲक्सियल वायरीतलं इन्सुलेशन दबतं आणि सिग्नल बिघडतो. भिंतीवर केसिंग-कॅपिंग (वायरी झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी) लावत असाल तर दोन पट्ट्या लावा. पॉवर आणि सिग्नल एकाच पट्टीत कोंबू नका. ॲम्पमागे 30–40 सेंटिमीटर वायर ढिली ठेवा. ॲम्प पुढे ओढून मागची पिन बदलता आली पाहिजे, नाहीतर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी ओढेल आणि सॉकेटच उखडेल. उरलेली पॉवर वायर गोल घट्ट गुंडाळू नका, सैल नागमोडी ठेवा. ॲम्पच्या डोक्यावर 10 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. तिथे वायरींचा ढीग टाकणं म्हणजे त्याच्या नाकावर उशी ठेवणं.

लॅपटॉप ॲम्पला जोडला की बारीक किरकिर येते. चार्जर काढला की थांबते. (नाशिक)

चार्जर आणि ॲम्प यांच्यातला हा अर्थचाच फेरा. लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा फुकटचा उपाय. कायमचा हवा असेल तर ऑप्टिकल आउटपुट असलेला यूएसबी डॅक (लॅपटॉपचा डिजिटल आवाज बाहेर काढणारी डबी) घ्या. नुसता डॅक घेऊन किरकिर जाईलच असं नाही, कारण यूएसबीच्या वायरीतूनही अर्थ पुढे जाते. 3.5 मिलिमीटरच्या पिनचे छोटे आयसोलेटरही मिळतात. आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, आणि स्वस्त मालात ते खालचे सूर गिळतात. घेण्यापूर्वी तबल्याची ओळखीची रेकॉर्ड लावून डग्ग्याची घिस ऐका. ती पोकळ वाटली तर दुकानातच परत द्या.

ॲम्पच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. घर जुनं आहे, बहुतेक सॉकेट दोन पिनांचे. (सातारा)

आजच्या बहुतेक उपकरणांत गोंगाट अडवायला फेज-न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर बॉडी मधेच लटकते आणि तिच्यावर 115 व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट अगदी थोडा, मिलिअँपिअरच्याही खाली, म्हणून झिणझिण्या. पण खऱ्या लीकेजचीही पहिली खूण हीच, आणि टेस्टर दोन्हीत सारखाच पेटतो. तेव्हा ‘एवढं चालतंच’ म्हणून सोडू नका.

वायरमनकडून तीन पिनांचा सॉकेट आणि मीटरबोर्डपर्यंत हिरवी वायर टाकून घ्या. मग मल्टिमीटरने फेज–न्यूट्रल आणि फेज–अर्थ जवळपास सारखे, 230 च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे कमकुवत अर्थही त्यावर ठणठणीत दिसते. म्हणून अर्थिंगची चाचणी लोडवर (विजेचा भार टाकून) किंवा अर्थ टेस्टरनेच करायला सांगा. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा मारून ‘झाली अर्थिंग’ म्हणणारे भेटतात. न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या सगळ्या बॉड्यांवर फेज येतो. असं काम लगेच उखडून टाका, आणि मीटरबोर्डवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर पुन्हा लावला आहे. सीडी स्वच्छ वाजते, रेकॉर्डला मात्र घूं. (ठाणे)

सीडी प्लेअर 2 व्होल्टपर्यंत सिग्नल देतो, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (प्लेअरची सुई बसलेला भाग) सुमारे 5 मिलिव्होल्ट. शेकडो पटींचं अंतर आहे. सिग्नलबरोबर घूंही तितकीच मोठी होते. प्लेअरमागे आरसीएसोबत एक बारीक सुटी वायर असते, टोकाला काट्यासारखी पिन. ती ॲम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट लावा. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) बोट लावल्यावर घूं कमी-जास्त होत असेल तर हीच वायर सुटली किंवा तुटली आहे.

घूं एकाच स्पीकरमध्ये असेल तर हेडशेल (दांड्याच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) काढून चार बारीक वायरी पाहा: पांढरी डावा प्लस, निळी डावा मायनस, लाल उजवा प्लस, हिरवी उजवा मायनस. निळी किंवा हिरवी ढिली असली की तीच बाजू गुणगुणते. प्लेअर ॲम्पच्या डोक्यावर ठेवला असेल तर अर्धा-एक मीटर बाजूला न्या. ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये उतरतं.

पारदर्शक स्पीकर वायर दोन पावसाळ्यांत हिरवी पडली. स्पीकर अधूनमधून खरखरतो. जाड, महागडी वायर घ्यावी का? (चिपळूण)

हिरवा रंग तांब्यावर चढलेल्या थराचा. वायरीच्या मधल्या भागात तो असला तरी आवाजाचं सहसा बिघडत नाही; खरखर टोकाशी होते. दोन-तीन सेंटिमीटर कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा, 12 मिलिमीटर सोला, तारा पिळा आणि बनाना प्लग किंवा फेरूल (तारांवर दाबून बसवायची धातूची नळी) लावा. टोकाला कथील लावून स्क्रूखाली दाबू नका. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत जोड पुन्हा ढिला.

महागडी वायर नको, पुरेशी जाड हवी. 8 ओहमच्या स्पीकरला 10 मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटर तांबं पुरतं: जाण्या-येण्याचे 20 मीटर धरून रोध सुमारे 0.23 ओहम, म्हणजे स्पीकरच्या तीन टक्क्यांच्या आत. 4 ओहमचा स्पीकर असेल किंवा अंतर जास्त असेल तर 2.5 घ्या. दुकानात टोक खरवडून पाहा. आत पांढरट निघालं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध दीडपटीच्या आसपास, आणि दमट हवेत जोड लवकर खराब.

नव्याने जोडताना प्लस-मायनस चुकवू नका. खात्री नसेल तर वायर ॲम्पवरून काढा आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस ज्या वायरीला लागल्यावर कोन (स्पीकरचा पडदा) बाहेर येतो, ती प्लस.

मोबाइल वाजण्याआधी स्पीकर ‘टर्र-टर्र’ करतो, आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की वेगळीच किरकिर. (मडगाव)

टर्र-टर्र टू-जीवर जाणाऱ्या फोनची. त्याचे ठोके सेकंदाला 217 पडतात. फोन ॲम्पपासून एक-दोन मीटर दूर ठेवा, तेवढं पुरतं. किरकिर ट्रायॅकच्या रेग्युलेटरची: तो विजेची लाट मधेच कापतो. कपॅसिटरवाला पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला की बहुधा थांबते. बसवण्याआधी मूळ पंखा पूर्ण बंद करून ऐका; तरीही किरकिर आली तर त्याच सर्किटवरचा एखादा एलईडी दिवा तपासा.