दहा सेकंद की दोन?

प्रश्न : सर, 14 डिसेंबरला रात्री दोनच्या सुमाराला आम्ही गव्हाला पाणी देत होतो. लाईट रातपाळीची. एकदम आभाळातून जाळाचा गोळा गेला, वाफ्यातलं पाणी चकाकलं. मी म्हणतो दहा सेकंद दिसला. चुलतभाऊ म्हणतो, एक-दोन सेकंद. खरं कुणाचं?
– एक शेतकरी, केज तालुका

उत्तर : चुलतभावाचं. पण तुम्ही वाढवून सांगताय असं मी अजिबात म्हणणार नाही.

त्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. या उल्का सेकंदाला साधारण 35 किलोमीटर धावतात. शंभरेक किलोमीटर उंचीवर पेटतात, आणि रात्री दोनला मिथुन डोक्यावर असल्याने बऱ्यापैकी उभ्या येतात. म्हणजे तीन सेकंदांत जमीनच आली! त्याआधीच त्या जळून जातात.

दचकवणारी छोटी घटना आठवणीत ताणली जाते. 1987 मध्ये आठवणींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी लोकांना बँक-दरोड्याची 30 सेकंदांची फिल्म दाखवली. दोन दिवसांनी विचारलं, तर सरासरी उत्तर अडीच मिनिटांचं आलं.

मी अंबाजोगाईला गच्चीवरून पाहिलेली उल्का वहीत ‘सहा सेकंद’ अशी लिहून ठेवली होती. नंतर आठवलं, की ती दिसताच मी बायकोला ‘अगं, बाहेर ये’ एवढंच म्हणालो होतो, आणि ‘ये’ म्हणेपर्यंत उजेड गेला होता. तेच शब्द त्याच घाईने पुन्हा म्हणून घड्याळ लावलं. दीड सेकंद.

तुम्हीही तसंच करा. त्याच वाफ्यावर उभे राहा. खोरं हातात होतं की टेकवलेलं, मान कुठून कुठे वळली, तोंडून काय निघालं, तेवढंच पुन्हा करा आणि दुसऱ्याला मोबाईलवर वेळ मोजू द्या.

हा वेळ फार मोलाचा आहे. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्रातून दिसलेल्या जळत्या रेघांना अनेकांनी उल्काच म्हटलं. तो चिनी रॉकेटचा तुकडा होता. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला त्याची लोखंडी वाटावी अशी मोठी कडी पडली. रॉकेटचे तुकडे सेकंदाला आठेक किलोमीटरने येतात, म्हणून सावकाश सरकतात आणि बराच वेळ दिसतात. एवढा फरक साध्या डोळ्यांनाही कळतो.

चुलतभावाची वेळ वेगळी मोजा, एकमेकांना आकडा न सांगता. गोळा कुठल्या दिशेकडून कुठे गेला तेही लिहा, आणि दोन्ही कागद मला पाठवा.