न्यू जर्सीत लिंबाचं झाड बाहेर जमिनीत लावलं तर जगेल का?

आपलं कागदी लिंबू म्हणत असाल तर नाही, ते कुंडीतच ठेवा आणि थंडी पडायच्या आत घरात घ्या. लिंबूवर्गात थंडीला सगळ्यात नाजूक झाडांपैकी ते एक, पारा शून्याच्या थोडा खाली गेला तरी पानं गळतात आणि इथे तर उणे १५ सेल्सिअस सुद्धा होतं. मायर लेमनही उणे ५-६ च्या पुढे टिकत नाही.

बाहेरच लावायचं असेल तर युझू लावा, जपानी लिंबू. रस कमी, बिया भरपूर, पण सालीचा वास असा की वरणावर नुसती किसून घातली तरी घरभर दरवळतो. साधारण उणे १० पर्यंत तग धरतं, म्हणजे इथे थोडी मदत लागतेच. माझं दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला लागून आहे, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते आणि उत्तरेचा वारा पण अडतो.

विकत घेताना कलम कोणत्या खुंटावर (म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर) बांधलंय ते नक्की विचारा, माझ्या मते अर्धी लढाई तिथेच आहे. नागपूरकडे संत्र्याला जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट वापरतात, इथे ट्रायफोलिएटचा हवा, म्हणजे तीन-तीन पानांच्या काटेरी लिंबूवर्गीय झाडाचा. हे झाड उणे २० च्या आसपासही जगतं, हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातं आणि वरच्या कलमालाही लवकर शांत करतं. फ्लोरिडात १८९४-९५ च्या गारठ्यात बागा मेल्या तेव्हा अमेरिकन कृषी खात्याने संत्र्याशी संकर करायला हेच झाड घेतलं होतं. फक्त बुंध्यातून तीन-तीन पानांचे फुटवे आले की लगेच काढा, नाहीतर खुंटच वाढतो आणि युझू मागे पडतं.

लावायचं मे महिन्यात, म्हणजे मुळं धरायला अख्खा उन्हाळा मिळतो. जुलैनंतर नायट्रोजनचं खत बंद, कोवळी फूट थंडीत पहिली जळते. हिवाळ्यात कलमाच्या जोडाच्या वरपर्यंत माती नाहीतर लाकडाचा भुसा चढवा, फांद्या गेल्या तरी जोडाच्या वरचं खोड वाचलं की झाड परत फुटतं. कडाक्याच्या रात्री जमिनीपर्यंत पोचेल असं कापड टाका आणि आत जुन्या पद्धतीचे गरम होणारे ख्रिसमस बल्ब लावा (बाहेर चालणारेच घ्या, आणि कापडाला टेकू देऊ नका), एलईडीचा उपयोग नाही कारण ते तापतच नाहीत. ऊन आलं की कापड काढायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर नक्कीच, कारण आत गरम झालं की झाड जागं होतं आणि मग पुढची साधी थंडीसुद्धा त्याला सोसत नाही.

आणि भारतातून रोप आणायचा विचार असेल तर प्लीज नको, त्यावर बंदी आहे आणि रोग पसरतो.